बॉनेटला हात लावून

आमच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "आणि लावणार कुठे?" प्रश्न रास्त होता. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत तेव्हा दारोदारी सायकली होत्या, एखाद्याची स्कूटर जिन्याखाली झाकून ठेवलेली असायची, आणि उरलेली सगळी मोकळी जागा पापड-कुरडयांची होती. त्यात बाबा नुकतेच सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले. निवृत्त माणसं पेपर उलटसुलट वाचतात आणि चहाला उशीर झाला म्हणून कुरकुरतात. आमचे बाबा ड्रायव्हिंग शिकायला निघाले. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि शेजारच्या काकूंच्या मते बाबांना म्हातारचळ लागला होता. मी कॉलेजात होते, जिभेला हाड नव्हतं. मी काकूंना म्हटलं, "तुम्हाला नाही हो बसवणार, काळजी करू नका." आईने आत नेऊन माझा कान पिरगाळला.

गाडी हवी होती ती माझ्या ताईसाठी. ताईच्या उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला होता. पायात लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि बगलेत कुबडी, अशी ती शाळा शिकली, बी.ए. झाली, बी.एड. झाली, आणि घोटीच्या एका शाळेत तिला मराठी शिकवायची नोकरी लागली. आमच्या घरातली पहिली मास्तरीण. आईने पेढे वाटले ते थेट मागच्या तीन गल्ल्यांपर्यंत. पण नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी तिच्या पायाकडे न बघता, म्हणजे अगदी ठरवून न बघता, विचारलं होतं, "रोज वेळेवर पोचणं जमेल ना बाई?"

आधी घोटीलाच खोली घ्यावी असा विचार होता. बाबा आणि मी बरीच घरं हिंडलो. खोली रिकामी असायची, घरमालक गोड बोलायचा, मग आडनाव विचारायचा, आणि मग त्याला एकदम आठवायचं की गावाकडून भाचा शिकायला येणार आहे. घोटीत त्या वर्षी भाचे फार आले. बाबा प्रत्येक ठिकाणी "बरं, जय भीम" म्हणून शांतपणे उठायचे. चिडायचं काम माझ्याकडे होतं. मग राहिली एस.टी. तिची पहिली पायरी म्हणजे ताईला भिंत चढण्यासारखी. ताई वर यायच्या आत कंडक्टर घंटी मारून मोकळा. भर पावसाळ्यात एकदा ती वह्यांच्या गठ्ठ्यासकट चिखलात पडली आणि तशाच भिजलेल्या साडीने शाळेत जाऊन सगळे तास घेऊन आली. त्या संध्याकाळी बाबा बराच वेळ जुन्या टूथब्रशने तिच्या कॅलिपरच्या सांध्यातला चिखल काढत बसले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आपण गाडी बघू."

नवी गाडी आवाक्याबाहेरची. पेट्रोलवर रोज घोटी म्हणजे ताईचा पगार टाकीतच ओतायचा. म्हणून जुनी, आणि डिझेलची. तेव्हा अशा गाड्या थोड्याच असायच्या आणि त्यांतल्या पुष्कळशा मुळात पेट्रोलच्या. मालकाने मागाहून त्यात डिझेल इंजिन बसवून घेतलेलं. ते इंजिन आधी कुठे आणि किती राबलं, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नसे. बाबांचा जीव तिथेच अडकला होता. "आपली गाडी बंद पडली तर आपण उतरून चालायला लागतो," ते आईला म्हणाले. "ती कुठे चालणार? विल्होळीच्या पुढे नुसते ट्रक." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

माझा मामा ट्रकवर होता, म्हणून आमच्या घरात डिझेल इंजिन या विषयावर त्याचा शब्द शेवटचा. त्याने बाबांना समोर बसवून शिकवणी घेतली. "दाजी, बाकी सगळं विसरा, येक ध्यानात ठेवा. इंजिन गार असतानाच बघायचं. गेल्या गेल्या आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं की समजायचं, मालकानं तुम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलीय. तापलेलं इंजिन कसंबी सुरू होतं. म्हातारं इंजिन वळखायचं आसंल तर गार असताना सेल्फ मारायचा आन् गप ऐकायचं."

मग आम्ही गाड्या बघायला लागलो. गाडी बघायला जायचं म्हणजे मुलगी बघायला जायचाच थाट. चहा यायचा, पोहे यायचे, मालक गुणवर्णन करायचा आणि दोष विचारले की इकडेतिकडे बघायचा. बाबा चहाच्या आधी उठून बॉनेटला हात लावायचे. तो हात ते इतक्या अदबीने लावायचे, की मला वाटायचं, आता हे गाडीला ताप आहे का ते विचारणार. नाशकात बघितलेली एक गाडी इतका काळा धूर ओकली, की मालकाच्या वाळत घातलेल्या धोतराचा रंग बदलला. दुसरी डिझेलपेक्षा ऑइल जास्त पीत होती. मामा एकेकीत खोट काढत गेला आणि दिवाळी जवळ आली.

अशात मामाला कुणीतरी देवळ्याच्या गाडीचं सांगितलं. मालक कांद्याचा शेतकरी, थोडा व्यापारही करायचा. गाडी घरच्यापुरतीच चाललेली. आम्ही येतो म्हणून निरोप धाडला आणि बाबा, मामा आणि मी एस.टी.ने देवळ्याला गेलो. स्टँडवर उतरतो तर समोर पांढरी गाडी उभी आणि तिच्या शेजारी पागोट्यातला उंच माणूस हात हलवतोय. आम्हाला न्यायला मालक स्वतः गाडी घेऊन आला होता. मामाने कपाळावर हात मारला. बाबांनी तरी शिस्त मोडली नाही. रामराम-जय भीम झाल्यावर त्यांनी बॉनेटला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"गार असताना सुरू करून बघायची होती," बाबा म्हणाले.

"करा की! पर पाव्हण्यांनी या उन्हात शेतापोत चालत यायचं व्हय?" मालक म्हणाला. "आमच्याकडं तशी रीत नाय."

गाडी फिरवून पाहिली, छान पळाली. मामाने ऑइलचं झाकण उघडून धूर येतो का ते पाहिलं, तोही फारसा नव्हता. पण परतताना एस.टी.त तो सारखा धुसफुसत होता. "लय बेरकी हाय. न्यायला आला म्हणं! तापवून आणली दाजी, तापवून."

दुसऱ्या वेळी आम्ही न कळवता गेलो. ताईही हट्टाने आली. "बसायचं मला आहे आणि बघता तुम्ही," हे तिचं म्हणणं, आणि ते खोडून काढायला घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. मामाने आदल्या दिवशी त्याच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याला पटवलं आणि आम्ही सकाळी लवकरच मालकाच्या मळ्यात हजर झालो. गाडी कांदा साठवायच्या चाळीमागे उभी होती, अंगावर दव. मामाचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तो गाडीकडे निघाला तोच मालकीणबाई ओट्यावरून ओरडल्या, "ओ दादा, आधी च्या! मग काय ती गाडी!"

चहा नाकारायचा धीर कुणालाच झाला नाही. बाबांना तर नाहीच; त्या बाईने आम्हाला घरातल्याच कपांत चहा दिला होता आणि पाणी घरच्याच तांब्यातून. घोटीच्या खोल्या बघून आलेल्या माणसाला ते दिसल्याशिवाय राहत नाही. मी बाबांकडे पाहिलं, त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी बशीत चहा ओतला.

चहा अर्धा झाला असेल, तर मागून इंजिनाचा आवाज. मामा कप ठेवून धावला. चाळीला वळसा घालून गाडी हळूहळू येत होती आणि ती थेट ओट्याच्या पायरीला लागून थांबली. मालक उतरला आणि ताईला म्हणाला, "खळ्यात चिखल झालाय माय. तू कशाला तिथवर येती? गाडीला पाय नायत का, चाकं हायत." मालकीणबाई आतून अहिराणीत त्याचं कौतुक करत म्हणाल्या, "बेस कयं. आमनी गाडी चांगली शे, पोर बसू दे."

मामाची अवस्था बघण्यासारखी होती. गार इंजिन दोनदा हातातोंडाशी आलं आणि दोनदा पाहुणचाराने तापवलं. तो बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "सुरू होताना किती येळ घेतला ते ऐकलं का कुणी? नाय ना? कपबशांच्या आवाजात ऐकणार तरी काय! दाजी, ही नको."

तेवढ्यात ताई गाडीशी गेली. ओट्याच्या पायरीवरून तिने दार उघडलं, कुबडी आत ठेवली, सीटवर टेकली, मग दोन्ही हातांनी कॅलिपरचा पाय उचलून आत घेतला आणि दार ओढून लावलं. कुणाचाही हात न धरता. आजवर जीपमध्ये, टेम्पोत, टांग्यात, सगळीकडे तिला कुणीतरी बगलेत हात घालून उचलायचं आणि ती हसून त्यांचे आभार मानायची. त्या हसण्याची मला चीड यायची. आत बसल्यावर ती हसली नाही. काच खाली करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत नुसती बसली.

बाबा खिडकीशी गेले. "इंजिनाची खात्री नाही गं. मध्येच बंद पडली तर?"

"तर थांबू," ताई म्हणाली. "मी काय पळायला निघालेय?"

गाडी आम्ही घेतली. मालकाने फसवलं की पाहुणचार केला, यावर मामा आणि बाबा पुढे कितीतरी वर्षं भांडले. मामा म्हणायचा, "तापवून गळ्यात मारली." बाबा म्हणायचे, "त्याने पोरीसाठी गाडी ओट्यापर्यंत आणली." दोघांचंही खरं असेल, असं मला आता वाटतं.

कारण दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी, गार इंजिनाने आपलं खरं रूप दाखवलं. बाबांनी किल्ली अर्धी फिरवून धरली, इंजिन आतून तापवणाऱ्या हीटरची डॅशबोर्डवरची तार लाल झाली, सेल्फ मारला. गाडी नुसती कण्हली. पुन्हा हीटर, पुन्हा सेल्फ. पांढऱ्या धुराने काकूंच्या कुरडया दिसेनाशा झाल्या, अख्खी कॉलनी खिडकीत आली, आणि बाबांच्या कपाळावर थंडीत घाम आला. शेवटी एकदाची लागली. ताई पुढच्या सीटवर टिफिन घेऊन अशी बसली होती, जणू सगळ्या गाड्या अशाच सुरू होतात.

त्या दिवसापासून बाबा पहाटे उठून गाडी तापवू लागले. कॉलनीने आधी कटकट केली, मग त्या आवाजावर दूध तापवायला ठेवलं. मामाने डिझेल फवारणारे नोझल साफ करून दिले, थोडा फरक पडला. पूर्ण इंजिनाचं काम काढणं परवडण्यासारखं नव्हतं. पण एक गोष्ट चमत्कारिक होती. सकाळी आमच्या दारात रडणारी ती गाडी, दुपारी घोटीला, शाळा सुटल्यावर, एका सेल्फला लागायची. ताई येऊन बसली की बाबा तिच्याकडे बघत किल्ली फिरवायचे, इंजिन घुर्र करायचं आणि बाबा म्हणायचे, "बघ! एका सेल्फला. चालून चालून सुधारतंय." घरी आले की तेच आईला सांगायचे. मी एकदा म्हटलं, "मग तिला घोटीलाच ठेवा, तिकडची हवा मानवतेय." आई हसली, बाबा कानावर न आल्यासारखं करून पेपर वाचत राहिले. शाळा सुटेपर्यंत घोटीला दिवसभर काय करता विचारलं की म्हणायचे, "विहारात वाचत बसतो. छान सावली आहे."

ताई वर्षभरात एकदाही उशिरा पोचली नाही. ती कायम झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी स्वतः गेटपर्यंत येऊन बाबांना सांगितलं. बाबा घरी आले आणि मामाला म्हणाले, "इंजिन चांगलं निघालं." मामाने उत्तर द्यायला उघडलेलं तोंड पेढ्याने भरून घेतलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. घोटीचा पाऊस म्हणजे आभाळ खाली उतरून भाताच्या खाचरात बसलेलं. शाळा सुटली, ताई गेटबाहेर आली. गाडी नेहमीसारखीच गेटकडे तोंड करून उभी होती. बॉनेटवर हात टेकत टेकत आपल्या दाराशी जायचं, ही तिची रोजची पद्धत; ओल्या जमिनीवर कुबडीचा भरवसा नसायचा. त्या दिवशी तिने हात टेकला आणि ती तिथेच थांबली. बॉनेट गार होतं. रोज पावसाचे थेंब त्यावर पडले की लगेच सुकायचे, कधी बारीक वाफ निघायची. आज पत्र्यावर पाणी तसंच साचून राहिलं होतं.

ताईने बाबांना हाक मारायच्या आधी मागे वळून शिपायाला हाक मारली. मग पुढे जाऊन दार उघडलं. बाबा स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते, शर्ट घामाने ओला, डावा हात छातीशी. "काही नाही," ते म्हणाले. "जरा बसतो आणि निघू."

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाडी चालवता यायची. ते धावत आले. बाबांना मागच्या सीटवर आडवं केलं, त्यांचं डोकं ताईच्या मांडीवर. सरांनी बसताच घाईने सेल्फ मारला आणि गाडी कण्हली. "थांबा सर," ताई मागून म्हणाली. "किल्ली अर्धीच धरा. तार लाल होऊ द्या. घाई केली तर नाही लागणार." पुन्हा मारला, नाही. शिपाई, मुख्याध्यापक, मुलं, सगळे पावसात उभे होते. ताईने मला नंतर सांगितलं, तेवढ्या वेळात तिने देवळ्याच्या त्या माणसाला मनातल्या मनात हजार शिव्या दिल्या आणि लगेच मागेही घेतल्या. तिसऱ्यांदा तार लाल झाली. सेल्फ. एका सिलिंडरने पेट घेतला, मग दुसऱ्याने, मग गाडी अंग झाडून थरथरली, आणि मागच्या मुलांनी पांढऱ्या धुरात टाळ्या वाजवल्या. नाशिकपर्यंत ती कुठेही बंद पडली नाही.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर सांगत होते, वेळेवर आणलंत. आई आत बाबांपाशी होती. ताई बाहेर बाकावर बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाची. मी शेजारी बसले आणि विचारलं, "तुला कसं कळलं? दार उघडायच्या आधी शिपायाला हाक मारलीस म्हणे."

"बॉनेट गार होतं."

मला काही समजेना. तेव्हा तिने सांगितलं. बाबा विहारात बसत नव्हते, गाडीतच बसायचे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की गाडी सुरू करून बराच वेळ तशीच ठेवायचे, शेवटच्या तासाला पुन्हा, आणि शाळा सुटायची घंटा वाजली की बंद करायचे. म्हणजे ताई आल्यावर एका सेल्फला लागायची. "आणि लागलीच नाही कधी, तर मी बाहेर येईपर्यंत मेकॅनिक शोधायला हाताशी वेळ."

"हे बाबांनी सांगितलं तुला?"

"त्यांना वाटतं मला माहीत नाही," ताई म्हणाली. "अगं, रोज हात टेकते ना मी. पहिल्या आठवड्यातच कळलं. बाकीचं शिपायाने सांगितलं." मग साडीचा चिखल नखाने खरवडत म्हणाली, "इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा गार लागलं."

मी रडले. उगीच आढेवेढे कशाला, ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून मी भोकाड पसरलं आणि नर्स रागावली. गाडी तापवून ठेवतो तो मालक लबाड, असं मामाने आम्हाला शिकवलं होतं. आमच्या घरातला लबाड आत पलंगावर झोपला होता आणि मला त्याची फार माया येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डोळे नीट उघडले. पलंगाशी आम्ही दोघी बहिणी होतो. आई डबा आणायला गेली होती. त्यांनी आधी ताईचा पाय बघितला, कॅलिपर धड आहे ना ते. मग हळूच विचारलं, "काल गाडी लागायला फार त्रास झाला का गं?"

"छे," ताई म्हणाली. "एका सेल्फला लागली."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. पावणेदोन वर्षं ज्या इंजिनाची त्यांनी नाडी पाहिली होती, त्याच्याबद्दल त्यांना कोण फसवणार? "अगं, गार पडलं असेल ना," ते म्हणाले. "काल मला जमलंच नाही..." आणि तिथेच थांबले.

ताईने त्यांच्या कपाळावर हात ठेवला, अगदी ते बॉनेटवर ठेवायचे तसा.

"गरम होतं, बाबा," ती म्हणाली. "मी हात लावून बघितलं. रोजच्यासारखं गरम होतं."

बाबांनी मान भिंतीकडे वळवली. मग तिकडेच तोंड ठेवून म्हणाले, "इंजिन चांगलंय. मामाला सांग."

"सांगते," ताई म्हणाली. आणि घरात जिची जीभ सगळ्यांत लांब, ती मी मोसंबी सोलत राहिले.